गुडघे शिवणारे आबा

ऑपरेशन संपलं की डॉक्टर आबा ग्लोव्हज न काढताच कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचे आणि म्हणायचे, "झालं. आता पुढचं याच्या बायकोनं बघायचं." म्हणजे व्यायाम तिनं करून घ्यायचा. नव्वदच्या दशकात धुळ्याला त्यांच्या हॉस्पिटलात मी थिएटर सिस्टर होते. आबा कायम दमलेले असत. हात मात्र दमलेले मी पाहिले नाहीत.

गुडघ्यातलं तुटलेलं लिगामेंट नव्यानं बसवायची त्यांची एकच पद्धत. वाटीखालच्या जाड पट्ट्याचा मधला भाग दोन्ही टोकांच्या हाडाच्या तुकड्यांसकट काढायचा आणि आत हाडात बोगदा पाडून बसवायचा. "हाडाला हाड धरतं, सिस्टर. बाकी सगळी सुतळी."

त्यांचा सहायक सुभाष मुंबईहून दुसरी पद्धत शिकून आला. मांडीमागच्या स्नायूंच्या दोन दोऱ्या काढून त्यांचा दुमडून दोर करायचा, वाटीला हात लावायचा नाही. आबा त्याला सगळ्यांदेखत सुतळीवाला म्हणू लागले. सुभाषनं जळगावला स्वतःचं हॉस्पिटल काढलं. पुढे दोघांचं बोलणंच राहिलं नाही.

मग एक दिवस भिका आला. फरशी बसवणारा माणूस, आदल्या वर्षी आबांनीच ऑपरेशन केलेला. आबांनी गुडघा ओढून, वळवून पाहिला. कुठेही सैल लागेना. आबा खूश झाले.

"मजबूत शे, आबा," भिका म्हणाला. "पन भुईले टेकता येत नही."

जिथून पट्टा काढला होता तिथे भार पडला की कळ मस्तकात जायची. फरशीचं काम तर गुडघ्यांवरच चालतं. भिका आता नरडाण्याला एका कारखान्याच्या गेटवर बसत होता. तक्रार करायला तो आलाच नव्हता. मेहुण्याला घेऊन आला होता. तोही फरशीवालाच, स्कूटरवरून पडून तेच लिगामेंट तुटलेलं.

"याले गेटवर बसाडू नका," भिका एवढंच म्हणाला.

आबांनी मेहुण्याला दोन्ही पद्धती समजावल्या. त्यांची स्वतःची लवकर धरते, पण वाटीखाली दुखत राहू शकतं. दुसरीत टेकायला त्रास कमी, पण धरायला वेळ लागतो, एखाद्याचा गुडघा थोडा सैल राहतो. "आणि तिच्यात माझा हात बसलेला नाही," हेही सांगितलं. मेहुणा म्हणाला, सैल चालेल, काम गेलं तर चालणार नाही.

जळगावचा फोन मीच लावून दिला. "सुभाष, एक गुडघा पाठवतोय," आबा म्हणाले. "मीपण येतो, हूक धरायला." सुभाषनं ऑपरेशनची तारीख सांगितली.

मीही सोबत गेले. आबांनी खरोखर पूर्ण ऑपरेशनभर सहायकासारखा, जखम उघडी ठेवणारा हूक धरला. मध्येच सुभाष म्हणाला, "सर, तुमचा हात आड येतोय." आबांनी हात सरकवला.

वर्षभरानं आमच्या ड्रेसिंग रूमची फरशी त्याच मेहुण्यानं बसवली, दोन्ही गुडघ्यांवर रांगत. आबा दारात उभे राहून बघत होते.

"सिस्टर, भिका सांगायला तरी आला," ते म्हणाले. "न आलेले किती असतील?"

"ते आता कळायचं नाही," मी म्हटलं. "पुढचा पेशंट टेबलवर घेतलाय."

ते "हो" म्हणाले आणि हात धुवायला गेले.