मायची झडती

आमच्यात मेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. आंघोळ घालायची, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढायचे, मांडी घालून लाकडी विमानात बसवायचं, पाठीमागच्या फळीला उपरण्यानं बांधायचं आणि बसल्या बसल्या शेतात नेऊन पुरायचं. पुरायचं तेही बसलेलंच. सोबत मिठाचं पोतं न्यायचं, कारण खड्ड्यात मीठ घालतात. लिंगायताच्या लेकराला हे कोणी शिकवावं लागत नाही. पोलिसांना मात्र आजकाल समजावून सांगावं लागतं, आणि सांगूनही उपयोग होत नाही. मह्या मायची भर रस्त्यात झडती झाली ती त्याच्यामुळंच. आणि ज्या चोरांच्या पायी ती झाली, त्यांना मी स्वतः हात जोडून वाटेला लावलं होतं. माझी चूक म्हणाल तर मी मानत नाही. माझ्या जागी आमचा कोणीही असता तर त्यानं तेच केलं असतं.

देवगाव फाट्यावर आमचं चहा-भज्याचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणायचं, बाकी वर पत्रे आणि खाली दोन बाकडी. माय पुढं बसून मिरच्या निवडायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलायची. तिच्या जिभेला हाड नव्हतं. चौकीचा जमादार रोज चहाला यायचा, त्यालाही सोडायची नाही. "जमादार, पोट बगा तुमचं. चोर पळाला तर तुमी काय त्याच्यामागं गडगडत जाणार का?" तो हसायचा, म्हणायचा, "माय, चोर मला बगूनच थांबतो."

त्या उन्हाळ्यात शेजारच्या जिल्ह्यात एक सराफाचं दुकान फुटलं. पाच जणांची टोळी होती, आणि म्होरक्याचा फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर आला. झुपकेदार मिशा, मानेपर्यंत केस, हनुवटीवर जुना घाव. चहा पिता पिता लोक तो फोटो एकमेकाला दाखवायचे, जसं काही पाहुण्याचा पोरगा दाखवायलेत. सगळ्या रस्त्यांवर नाकाबंदी लागली. आमच्या फाट्यावर बांबू आडवा टाकून जमादार उन्हात उभा. शेळ्यांचा टेम्पो आला की शेळ्या खाली उतरव, वऱ्हाडाची गाडी आली की नवरीची पेटी उघड. लय शिव्या खाल्ल्या बिचाऱ्यानं, पण कोणाला सोडलं नाही.

दुपारी एक उघडी पिकअप हळूहळू आली. झेंडूच्या माळा, बेलाचे डहाळे, आणि मधोमध मयत बसलेलं. तुळतुळीत हजामत, कपाळभर विभूती, हनुवटीवरून शाल, वरून हारच हार. पायाशी मिठाची पोती. सोबतचे चौघं अनवाणी, उघड्या डोक्यानं, एक जण गाडी हाकायलाय, एक जण घंटी वाजवायलाय आणि बाकीचे "शिव शिव" म्हणायलेत. माझ्या हॉटेलापुढं थांबून त्यांनी पाणी मागितलं. मंठ्याकडं आमचं गाव हाय, म्हणाले, दिवस मावळायच्या आत पोचलं पाहिजे.

मयत दिसलं की फाट्यावरचे आम्ही चार पावलं सोबत जातो, ओळख असो नसो. पायाला हात लावायचा आणि खाली बघून चालायचं. मयताच्या तोंडाकडं टक लावून बघायचं नाही, ते घरच्यांनी बघावं. मी कढई खाली उतरवली. माय हात पुसत उठली. पानवाला आला, पंक्चरवाला आला. गाडीच्या पुढं आम्ही, मागं तिघं, असे आम्ही नाक्यावर पोचलो.

जमादारानं मला विचारलं, "कोण गेलं रे?"

मी म्हणलं, "पाव्हण्यातलं हाय."

आता मला तो माणूस माहीत होता का? मुळीच नाही. पण आमच्यात सगळेच पाहुणे. कुठल्याही गावचा लिंगायत धरा, दोन सोयरिकी जोडल्या की घरातला निघतो. विभूती बघितली आणि तोंडातून शब्द गेला. जमादारानं टोपी काढली, स्वतः बांबू उचलला, आणि मयताला वाकून नमस्कार केला. मिठाच्या पोत्याला कोण हात लावतंय? मायनं त्या माणसाच्या दोन्ही पायांवर डोकं टेकवलं आणि म्हणाली, "जा बाबा, सुखानं जा."

तो सुखानंच गेला. सांजच्याला दुधना नदीच्या काठी पिकअप सापडली. लाकडी विमान उलटं पडलेलं, हार पाण्यात, मीठ सगळं वाळूवर पसरलेलं. सोनं त्या मिठातूनच गेलं होतं. पाचही जण आजतागायत सापडलेले नाहीत, आणि आता कोणी शोधायलाय असंही वाटत नाही.

फाट्यावर आमची जी फजिती झाली ती विचारू नका. सगळ्यात जास्त माय हसली. "बाई बाई, जिंदगीत नवऱ्याच्या पाया पडले नसंल इतक्या भक्तीनं चोराच्या पडले! अन् वरून आशीर्वाद!" डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसायची. मग कळालं की जमादाराला निलंबित केलं. वाकून नमस्कार करतानाचा त्याचा फोटो कोणीतरी काढला होता, तोच वर पोचला. त्या दिवसापासून मायनं ती गोष्ट सांगायची बंद केली. दुसऱ्या कोणी काढली तर म्हणायची, "गप बस. एकाच्या लेकराबाळाच्या ताटाला हात लागलाय." जमादार परत चहाला आला नाही.

त्यानंतर मात्र आमच्या मयताचे हाल सुरू झाले. कुठं चोरी झाली, नाकाबंदी लागली, की बसलेलं मयत आधी थांबवायचं. कुठं शाल काढून बघितली, कुठं पोतं फोडलं, अशा खबरा यायच्या. माय ऐकायची आणि तिचं तोंड उतरायचं. पुढं ती आजारी पडली, आणि दुखणं वाढल्यावर परभणीच्या दवाखान्यात मह्या हाताला धरून म्हणाली, "मला बसवूनच न्या. अन् एकदा बांधल्यावर कोणाला सोडू देऊ नको. पोरा, मला रस्त्यात आडवी पाडू नको." मी चिडलो. म्हणलं, मरायच्या गोष्टी कामून करायलीस? ती म्हणाली, "मग कवा करू? मेल्यावर?"

एका सकाळी ती गेली. परभणीतच बहिणीच्या घरी आंघोळ घातली. जंगम स्वामींनी विभूती लावली, अंग गरम आहे तोवर मांडी घालून बसवलं, उपरण्यानं फळीला बांधलं. हे पटकन करावं लागतं. एकदा अंग ताठलं की माणूस तसाच राहतो, आणि मधेच गाठी सोडल्या तर नीट बसवता येत नाही, मान कलते, सगळं कोसळतं. गावाकडं बापाच्या शेजारी खड्डा खोदून माणसं वाट बघत होती. दिवस मावळायच्या आत माती द्यायची होती. दाजींनी पिकअप काढली, बहीण आणि मी मायच्या दोन्ही बाजूंना बसलो, आणि मानवत गावावरून निघालो.

सेलूच्या अलीकडं बांबू आडवा होता. कुठंतरी पुन्हा दुकान फुटलं होतं म्हणे. आणि बांबूपाशी कोण, तर आमचा जमादार. नोकरीवर परत घेतलं होतं त्याला. पोट गेलं होतं, केस पांढरे झाले होते. मला आधी बरंच वाटलं. म्हणलं, आपला माणूस आहे.

"खाली घ्या. गाठी सोडा," तो म्हणाला.

"जमादार, मी हाय. फाट्यावरचा. ही मही माय हाय, बगा तरी."

"बगितलं. त्या दिवशीबी तुला वळखूनच सोडलं होतं. पाव्हण्यातलं हाय म्हणला होतास."

कडेला जीप उभी होती, त्यात नवा साहेब बसून आमच्याकडं बघत होता. दुसऱ्या शिपायानं मिठाचं पोतं रस्त्यावर रिकामं केलं आणि काठीनं चाळलं. मग तो वर चढायला लागला, तेव्हा बहिणीनं मायच्या मांडीवर अंग टाकलं आणि अशी किंचाळली की मागच्या गाड्यांतले लोक खाली उतरले. मी जमादाराचा हात धरला. "काय मारायचं ते मला मारा. आत टाका मला. पण गाठ सोडू नका. तिनं तेवढंच मागितलंय मला. तुमी तिच्या हातचा चहा पिलाय, जमादार."

तो खालच्या आवाजात म्हणाला, "मला समजत न्हाई का? पण साहेब बगायलाय. न बगता सोडलं तर ह्या बारीला घरीच बसावं लागंल." मग शिपायाला मागं ढकललं. "गाठ राहू दे. मीच बगतो."

बूट काढून तो वर चढला. मायच्या गळ्यातले हार हळूच बाजूला केले, शाल हनुवटीखाली घेतली. भर उन्हात, शंभर लोकांपुढं, तिचं तोंड उघडं पडलं. मी मनातल्या मनात त्याला, त्याच्या साहेबाला, त्या पाचही चोरांना, आणि पाव्हण्यातलं म्हणणाऱ्या मलासुद्धा आईबहिणीवरून शिव्या देत होतो. जमादारानं हाताची मागची बाजू मायच्या नाकाखाली धरली आणि तशीच धरून ठेवली. बहीण मान वर करून बघायला लागली. आणि बघता बघता माझ्या शिव्या थांबल्या. माझं सगळं लक्ष त्याच्या हातावर. मी श्वास घेत नव्हतो. खरं सांगतो, त्या घडीला मी महादेवाला म्हणालो, निघू दे. ही चोरच निघू दे. जमादाराला दचकून ओरडू दे, जित्ती हाय म्हणून. बेड्या घालू दे तिला, मला, दाजींना, सगळ्यांना गाडीत कोंबून ठाण्यात नेऊ दे, आणि वाटभर ती त्याला पोटावरून बोलू दे.

जमादारानं हात काढला. शाल परत नीट केली, हार सरळ केले, आणि जीपकडं तोंड करून म्हणाला, "मयतच हाय, साहेब. खरं हाय. जाऊ द्या."