एकच नाव लिहायचं होतं

मार्च आला की आमच्या पॅरामॅटाच्या ऑफिसात मॅनेजरच्या अंगात बेसबॉल येतो. तरुणपणी तो इथल्या कुठल्याशा क्लबात खेळायचा. आता गुडघे गेलेत, पण अमेरिकेतला सीझन सुरू व्हायच्या आधी तो आम्हा सगळ्यांना कामाला लावतो. कुठल्या गटात कोण पहिलं येणार, कोण तळाला जाणार आणि शेवटी चॅम्पियन कोण, एवढं प्रत्येकाने ईमेलने कळवायचं. ज्याचे अंदाज सगळ्यात जास्त चुकतील त्याला लाकडी चमचा मिळतो आणि तो वर्षभर त्याच्या डेस्कवर उभा राहतो. गेल्या वर्षी तो माझ्या डेस्कवर होता. मी डेटा अ‍ॅनालिस्ट. आकड्यांवरून पुढचं सांगायचं, याचाच मला पगार मिळतो. येणारा-जाणारा चमच्याकडे बघून हसायचा. मीही हसायचे, पण मला ते लागलं होतं. म्हणून या वर्षी ठरवलं, आकड्यांचं नीट मॉडेल बांधायचं आणि मगच अंदाज पाठवायचा.

बाबा तेव्हा माझ्याकडे, टूनगॅबीच्या फ्लॅटवर होते. मी इथे शिकायला आले, इथेच राहिले, आणि एकटीच राहते. आई गेल्यावर काही महिन्यांनी त्यांना पुण्याहून घेऊन आले. त्यांचा दिवस कसा जायचा ते मला कधी नीट कळलं नाही. सकाळी वेंटवर्थव्हिलच्या भारतीय दुकानातून कोथिंबीर आणायची, ती निवडायची, मग बाल्कनीत बसायचं. विचारलं तेवढं बोलायचे. आईचा विषय आमच्यात निघत नसे.

बाबांची सगळी नोकरी हवामान खात्यात गेली. लग्न लॉनवर करावं की हॉल घ्यावा, हे विचारायला सोसायटीतले लोक आमच्या घरी यायचे. बाबांनी कुणालाही कधी हो किंवा नाही असं सांगितलं नाही. ‘शक्यता आहे’, नाहीतर ‘शक्यता कमी आहे’. लोक वैतागून परत जायचे. शाळेच्या सहलीच्या आदल्या दिवशी मी रडून विचारलं तरी मला तेच उत्तर मिळालं होतं. आई म्हणायची, या माणसाला भात वाढू का विचारलं तरी शक्यता आहे म्हणेल.

एका संध्याकाळी मी डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून बसले होते. बाबा मागे येऊन उभे राहिले आणि हे काय चाललंय म्हणून विचारलं. मी त्यांना बेसबॉल समजावून सांगितला, मग मॉडेल सांगितलं. कुठल्या टीमने किती रन केले, किती दिले, पिचरची, म्हणजे बॉल टाकणाऱ्यांची, वयं काय, कोण दुखापतीतून उठतोय. ते शांतपणे ऐकत होते. मग खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, गेल्या वर्षीचे निकाल झाकून ठेव आणि त्याच्या आधीच्या आकड्यांवरून गेलं वर्ष ओळखून दाखव.

मॉडेलला गेलं वर्ष ओळखता आलं नाही.

त्यानंतर जेवणं झाली की आम्ही रोज बसायला लागलो. बाबांना इतकं बोलताना मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. ते चष्मा कपाळावर चढवून एकेक कॉलम बघायचे आणि नेमकं तेच विचारायचे, जे मला विचारलेलं नको असायचं. हा आकडा कुठून आला? हाच का घेतला? एक गट सुधारला की दुसरा बिघडायचा. पिचरच्या वयाला जास्त महत्त्व दिलं की चांगल्या-चांगल्या टीम तळाला जायच्या, कमी दिलं की थकलेले म्हातारे चॅम्पियन व्हायचे. माझी चिडचिड वाढत होती आणि बाबा मात्र खुशीत होते. त्यांच्यासाठी मी सगळं सहन करत होते, असं तेव्हा मला वाटायचं.

ईमेल पाठवायचा शेवटचा दिवस आला. मॉडेलने पश्चिम किनाऱ्यावरची एक टीम वर आणली होती. ती चॅम्पियन होण्याची शक्यता चारात एक. बाकी सगळ्यांची त्याहून कमी.

“म्हणजे चारातून तीनदा ही टीम हरणार,” बाबा म्हणाले. “आणि तू हिचंच नाव लिहिणार?”

“एकच नाव लिहायचं असतं, बाबा.”

“मग तो अंदाज नव्हे. ती नुसती पैज झाली.”

मला एकदम राग आला. इतके दिवस माझ्या आकड्यांत चुका काढल्यात, आता तुम्ही एक नाव सांगा, असं मी म्हणाले. ते म्हणाले, असं सांगता येत नाही.

“तुम्हाला कधीच सांगता आलं नाही,” मी म्हणाले. “आत्ता निघू का, म्हणून मी फोनवर विचारलं होतं. तेव्हाही नाही.”

आई हॉस्पिटलमध्ये होती तेव्हाची ही गोष्ट. ऑफिसात मोठं काम संपत आलं होतं, रजा मागायची तर कारण पक्कं हवं होतं. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, डॉक्टर दोन्ही शक्यता सांगतायत, बरी होण्याची थोडी जास्त. मी थांबले. आणि मी विमानात बसायच्या आधीच आई गेली.

बाबा टेबलाच्या लाकडातल्या रेषेवरून बोट फिरवत राहिले. “मला माहीत नव्हतं,” ते म्हणाले. “डॉक्टरांनाही नव्हतं. जे खरं होतं ते सांगितलं.”

“मला खरं नको होतं. नुसतं ‘ये’ म्हणायचं. आई बरी झाली असती, तर तिच्या हातचा चहा पिऊन परत आले असते. काय बिघडलं असतं?”

ते उठले. उरलेला भात डब्यात काढला, डबा फ्रिजमध्ये ठेवला आणि आपल्या खोलीत गेले. मी त्याच रागात त्या टीमचं नाव लिहिलं आणि ईमेल पाठवून दिला.

दुसऱ्या दिवसापासून ते माझ्याशी पाहुण्यासारखे वागायला लागले. चहा करू का, कपडे मशीनला लावू का. मला त्याचाही राग यायचा. भांडले असते तर बरं झालं असतं. सीझन सुरू झाला. तिकडच्या संध्याकाळच्या मॅच इथे सकाळी लागतात. मी कामावर जायला निघायचे तेव्हा बाबा आवाज बारीक करून टीव्हीसमोर बसलेले असायचे.

माझी टीम सुरुवातीलाच गडगडली. त्यांच्या मुख्य पिचरचा कोपर गेला आणि तो वर्षभरासाठी बाहेर बसला. ऑफिसात मॅनेजरने खांद्यावर थाप मारली, “बॅड लक, मेट,” म्हणाला, आणि मागे कुणीतरी माझ्या डेटावरून काहीतरी बोललं त्यावर सगळे हसले. घरी आले तर बाबांनी तीच बातमी दारातच दिली. म्हणाले, हे मॉडेलमध्ये येणं शक्यच नव्हतं, तुझी चूक नाही. मी ‘मला माहीत आहे’ एवढंच म्हणाले आणि आंघोळीला गेले.

पुढे बरेच आठवडे असेच गेले. मग एका रविवारी दुपारी आम्ही मटार सोलत बसलो होतो. टीव्ही बंद होता. बाबा मान वर न करता बोलायला लागले.

“हॉस्पिटलमध्ये त्या दिवशी तुझी आई विचारत होती, लेक निघाली का. दोनदा विचारलं तिने.”

मी हातातले दाणे भांड्यात टाकले.

“मी तिलाही म्हणालो, शक्यता आहे.” त्यांनी हातातली शेंग तशीच खाली ठेवली. “तिला तरी हो म्हणायला हवं होतं गं. तिला काय कळणार होतं?”

त्यांना जवळ घ्यावं असंही वाटलं आणि हे मला इतक्या उशिरा का सांगितलं म्हणून ओरडावं असंही. दोन्हीपैकी काहीच झालं नाही. मी त्यांच्यासमोरच्या शेंगा माझ्याकडे ओढून घेतल्या आणि उरलेल्या मीच सोलल्या.

आईचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. त्यासाठी बाबा एकटेच पुण्याला जाणार, असं आमचं न बोलता ठरल्यासारखं होतं. त्याच आठवड्यात, ट्रेनने ऑफिसला जाताना, मी त्यांच्या विमानातलं माझं तिकीट काढलं. जाऊ का, कधी जाऊ, हे मी कुणालाही विचारलं नाही. घरी येऊन त्यांना सांगितलं. ते काळजीने म्हणाले, “रजा मिळेल?”

“मिळेल,” मी म्हणाले. रजेसाठी मी अजून अर्जही केला नव्हता.