राहीबाईचा रांजण

नाथाजी हवालदार पलटणीतून निवृत्त होऊन घरी आले आणि वर्षाच्या आत कडेगावच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीनं त्यांना वडील, म्हणजे मंडळीचे कारभारी, म्हणून निवडलं. पाळकसाहेब सांगलीहून महिन्यातून एकदा यायचे. बाकीचे रविवार सांभाळायचे ते वडिलांनी. मंडळीला वाटलं, चार बुकं शिकलेला माणूस आहे, शास्त्र नीट वाचेल. हवालदारांना वाटलं, आपल्याला पुन्हा तुकडी मिळाली.

आठच्या ठोक्याला घंटा आणि घंटेबरोबर प्रार्थनाघराच्या दाराला आतून कडी. उशिरा येईल तो बाहेर पायरीवर. लागोपाठ तीन रविवार पायरीवर बसेल त्याला प्रभुभोजनाची भाकर नाही. हा नियम हवालदारांनी स्वतःच्या मनानं केला आणि भिंतीवर खडूनं लिहिला. माणूस वाईट नव्हता हो. शिस्त लावणं म्हणजेच माया करणं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

त्र्याहत्तर सालचा उन्हाळा होता, विहिरी ठणठणीत कोरड्या. लागोपाठ दोन रविवार पायरीवर एकटी राहीबाई बसली. साठीची विधवा, अंगानं काटकुळी. बंद दाराला टेकून आतल्या गाण्याला बाहेरून सूर धरायची. हवालदारांनी तिला बजावलं, की आणखी एकदा चुकलात तर ईस्टरची भाकर विसरा. राहीबाईनं लग्न होऊन या गावात आल्यापासून ईस्टरची भाकर कधी चुकवली नव्हती. ती मान खाली घालून घरी गेली.

तिसऱ्या रविवारी ती सगळ्यांच्या आधी हजर. हवालदार मनातून सुखावले. त्या दिवशी त्यांनी प्रभूनं शिष्यांचे पाय धुतल्याचा भाग वाचला. तुमच्यात जो मोठा असेल त्यानं सगळ्यांचा चाकर व्हावं, हेही त्यांनी कवायतीच्या आवाजात खणखणीत वाचलं. वाचून घसा कोरडा पडला. उपासना संपल्यावर नेहमीप्रमाणे ते दाराबाहेरच्या रांजणाकडे गेले आणि गडवा आत बुडवला, तो तळाला ठणकन आपटला.

आज पाण्याची पाळी कुणाची होती, म्हणून हवालदारांनी आवाज चढवला.  राहीबाई पदर सावरत पुढं आली.

"पाळी कुणाचीच न्हाई. मीच भरत व्हते. टँकर साडेसातला येतोय आन् रांग लय मोठी असती. आज येळंवर आले, म्हनून न्हाई भरला."

"मग सांगायचं न्हाई व्हय?"

"तुमी कवा इचारलंच न्हाई. आन् पानी पाजायचं, त्ये सांगत कशाला सुटायचं?"

हवालदारांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दर रविवारी त्या रांजणातला पहिला गडवा त्यांचाच असायचा. लोक घरी गेल्यावर त्यांनी धोतराच्या सोग्यानं भिंतीवरचा खडू पुसला, आणि राहीबाईच्या घरी जाऊन सांगितलं, की ईस्टरला घंटा आणि कडी तुमच्या हातात, आठला वाजवा, माझ्यासाठी थांबू नका.

ईस्टरच्या सकाळी हवालदार घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभे होते. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. घड्याळात आठ वाजले तेव्हा त्यांच्यापुढं अजून सात घागरी होत्या. आज आपण पायरीवर, हे त्यांनी मनाशी धरूनच ठेवलं होतं. भाकर चुकेल याचं वाईट मात्र फार वाटत होतं.

खांद्यावर घागर, सदरा चिंब, असे ते साडेआठला पोचले. दार सताड उघडं होतं. पाळकसाहेबांसकट सगळी मंडळी अंगणात उभी होती आणि राहीबाई घंटेची दोरी दोन्ही हातांनी धरून रस्त्याकडे बघत होती.

"आठ कवाच वाजलं, राहीबाई."

"व्हय. पर तुमी यायचं व्हतासा न्हवं."

 हवालदारांनी घागर रांजणात रिती केली, पहिला गडवा भरला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरला. राहीबाई सावकाश पाणी प्याली, तोंड पुसलं, आणि मग तिनं घंटा वाजवली.