मावशीच्या तोंडचं वाक्य

आमच्या शाळेच्या मावशीचा कुणावरच विश्वास नव्हता. पाण्याच्या टाकीत स्वतः डोकावल्याशिवाय मुलांना घोटभर पाणी पिऊ द्यायची नाही. मी शिकवायला खडू मागितला तर आधीचा कुठे गेला म्हणून विचारायची. मला संताप यायचा. आता कळतं, ती माणसं ओळखून होती.

साथ ओसरली, दुकानं उघडली, लग्नंसुद्धा धूमधडाक्यात सुरू झाली. पण आमच्या पहिलीतल्या पोरांनी भिंतीकडे तोंड करून, एक शब्द न बोलता डबा खायचा, हा साथीतला नियम काही हटेना. नियम मोठ्या बाईंचा, म्हणजे मुख्याध्यापिकांचा. पोरांवर लक्ष ठेवायला मावशी. त्यातल्या एकीला ती चिमणी म्हणायची. त्या चिमणीने डबा उघडणंच सोडलं होतं. भरलेला डबा तसाच घरी जायचा.

आम्हा शिक्षकांना हे पटत होतं का? छे. पण बोलणार कोण? चित्रकलेच्या सरांनी एका बैठकीत नुसतं "का?" विचारलं, तर संध्याकाळपर्यंत पालकांच्या ग्रुपवर ते मुलांच्या जिवावर उठलेले ठरले. ही बातमी बाहेर नेली कुणी, ते आजवर कळलेलं नाही. तेव्हापासून शिक्षकांच्या खोलीत कुणी आलं की बोलणं बंद. मला गणिताच्या बाईंचा संशय, त्यांना माझा.

मग आम्हाला मावशी सापडली. एकेक जण तिला जिन्याखाली गाठून सांगायला लागला, तुम्ही बोला, मोठ्या बाई तुमचं ऐकतील. मीही गाठलं. ती म्हणाली, "तुम्ही का नाही बोलत?"

मी म्हटलं, माझी नोकरी अजून कायम नाही.

"माझी तरी कुठे आहे?"

तरी मी पिच्छा सोडला नाही. वरून वाक्यही शिकवलं, मुलांच्या भावनिक वाढीवर परिणाम होतोय, असं म्हणा.

त्या आठवड्यात चिमणी न उघडलेला डबा मांडीवर घेऊन रडली. शनिवारी बैठक चालू असताना मावशी आत आली आणि माझं वाक्य जसंच्या तसं म्हणाली.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "हे तुमचे शब्द नाहीत, मावशी. कुणी शिकवलं?" नाव सांगितलंत तर तुमचं काम राहील, असंही त्यांनी सुनावलं.

जो तो टेबलाकडे बघत होता. मावशीने आम्हा सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. माझ्यावर ती जरा जास्तच थांबली, की मलाच तसं वाटलं, कुणास ठाऊक.

"माझेच आहेत," ती म्हणाली. "तीस वर्षं वर्गाबाहेर उभी आहे, बाई. काहीतरी शिकणारच ना."

आणखी कुणाला असं वाटतं का, मोठ्या बाईंनी विचारलं. कुणी हललं नाही. चित्रकलेचे सरसुद्धा नाहीत. मी सुटकेचा श्वास सोडला. तोंडावर मास्क होता म्हणून बरं.

सोमवारी मावशी आली नाही. डब्याच्या वेळी वर्गात कोण उभं राहणार, असा प्रश्न निघाला. मोठ्या बाईंनी माझं नाव घेतलं आणि मी हो म्हटलं. आता चिमणीने मान वळवली की, "भिंतीकडे बघ," असं मीच तिला सांगते.