पेडल खाली जातंय

माझी शेवटची पोस्टिंग उत्तर सिक्कीमला होती. मी हवालदार, व्हेईकल मेकॅनिक. आमचं छोटं वर्कशॉप खाली नदीकाठी होतं आणि ज्या चौक्यांच्या गाड्या आम्ही सांभाळायचो त्या तीन तासांच्या चढावर. सकाळी ०५३० ला हजेरीचं फॉल इन, ०६०० ला गाड्यांची तपासणी, ०७०० ला वर जाणारी पहिली गाडी सुटायची. दुपारी ती उतरायची. रोज तेच. सिव्हिलमधल्या लोकांना फौज म्हटलं की गोळीबार आठवतो. माझी फौज म्हणजे ग्रीस, पाने आणि थंडीने बधिर झालेली बोटं.

तिथे जालना जिल्ह्यातले आम्ही दोघंच. मी पिंपळगाव रेणुकाईचा. दुसरा ड्रायव्हर, नायक मिलिंद साळवे, आष्टीचा. त्याच्याइतका सावकाश गाडी चालवणारा माणूस मी पाहिला नाही. साळवेच्या गाडीत चहा सांडत नाही पण गार होतो, असं सगळे त्याला चिडवायचे. रजेवर असताना त्याने एक जुनी पांढरी अँबेसडर घेतली होती. तिचा फोटो खिशात असायचा. बायकोचा फोटो कुठाय विचारलं की म्हणायचा, "ती बी हाय की. आत बसलीय, नीट बघा."

त्या दिवशी ११४० ला वरून त्याचा कॉल आला. रेडिओवर हिंदीत बोलायचा नियम होता. आम्ही दोघंच असलो की तो मोडायचो.

"साब, ब्रेकचं पेडल खाली जाऊन राह्यलं. ओव्हर."

"तेल बघितलं का? ओव्हर."

"कमी हाय. काल बी टाकल्तं. ओव्हर."

काल बी टाकल्तं. सगळी खबर त्यातच होती. ब्रेकचं तेल पेट्रोलसारखं खर्च होत नाही. ते कमी झालं म्हणजे कुठून तरी गळतंय. पेडल दाबलं की चाकांकडे तेल ढकलणारी एक पिचकारी असते, तिला मास्टर सिलिंडर म्हणतात. तिचं रबर गेलं की वरून कितीही तेल ओता, पेडल कधीतरी दगा देणारच. हे मला रिक्रूट असल्यापासून पाठ होतं. पण माझ्यासमोर दुसऱ्या गाडीचं इंजिन उघडं पडलं होतं, आणि वरच्या पाच जवानांना रजेवर निघायचं होतं. मी म्हणालो, "टॉप अप कर अन् ये. चालतंय. ओव्हर."

"रॉजर. हळूच येतो. आऊट."

१३१५ ला उतारावर पेडल जमिनीला टेकलं. डावीकडे दरी, उजवीकडे खडक. साळवेने गाडी उजवीकडे घेतली आणि स्वतःच्या बाजूने खडकावर घातली. मागचे पाचही जण खरचटण्यावर सुटले. तो जागीच गेला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत, म्हणजे फौजेच्या चौकशीत, मी रेडिओवरचं बोलणं शब्दशः सांगितलं. ब्रेक निकामी, असा निष्कर्ष निघाला. ऑफिसरांसमोर बोलताना माझा आवाज हलला नाही. साळवेच्या घरी जाऊन तेच सांगायचं मात्र माझ्याने झालं नाही. रजा आली, पेन्शन आली, वडीगोद्रीला हायवेच्या कडेला मी गॅरेज टाकलं. आष्टीच्या गाड्या माझ्याकडे येऊ लागल्या, पण मी आष्टीला गेलो नाही. हा भित्रेपणा होता, त्याला दुसरं नाव नाही.

मागच्या महिन्यात, सकाळी ०९३० ला, एक पांढरी अँबेसडर गॅरेजसमोर आली. चालवणाऱ्या बाईंनी ती हँडब्रेक ओढून थांबवली.

"जय भीम, भाऊ. फौजी मेकॅनिक तुम्हीच ना? पेडल खाली जाऊन राह्यलं हो."

"जय भीम," मी म्हणालो. गाडी मी ओळखली होती.

"माझे मिस्टर बी फौजेत व्हते. नायक साळवे. ही त्यांचीच गाडी. मी विद्या, आष्टीला शाळेत शिकवते."

मी माझं नाव सांगितलं नाही. विचारलं, "तेल कधी टाकलं?"

"दर रविवारी टाकते थोडं. चालतंय."

माझा आवाज एकदम चढला. "चालतंय म्हणजे? थांबत न्हाई ती गाडी चालून काय उपयोग? जीव जाईल एखाद्या दिवशी!" मला लाज वाटली. हा राग त्यांच्यावरचा नव्हता.

ड्रायव्हरच्या पायापाशी हात घातला. पेडलच्या दांड्यावरून तेल ओघळत होतं, त्याने खालचा रंग पोपडे धरून निघाला होता. मास्टर सिलिंडर उतरवून बाकावर घेतला. आतला पिस्टन काढला. रबराचे कप कडक पडले होते, एकाची कड फाटली होती. सिलिंडरच्या आतून नख फिरवून पाहिलं. खड्डा लागला नाही. बारीक पॉलिश पेपरने तो साफ केला आणि ब्रेकच्याच तेलाने धुतला. डिझेलने धुतलं तर नवं रबर फुगतं, हे पुष्कळ मेकॅनिक विसरतात.

विद्याताई स्टुलावर बसून बघत होत्या. थोड्या वेळाने आपणहून बोलायला लागल्या. साळवे गेला तेव्हा एका पेपरात बातमी आली होती, चालकाचा ताबा सुटला म्हणून. गावाला तेवढं पुरलं. जोरात चालवत असंल, पिलेला असंल, असं लोक बोलून बसले.

"फौजेचं पत्र आल्तं, ब्रेक गेले म्हणून. ते कोण वाचतं? सासूबाई आजून भांडतात लोकांशी. तुम्ही फौजेतले. तुम्हाला काय वाटतं भाऊ, जोरात असतील का ते?"

"तो बारका पाना द्या इकडं," मी म्हणालो.

त्यांनी पाना दिला. मी नव्या रबरांचं किट बसवलं, सिलिंडर जागेवर कसला, तेल भरलं. आता नळ्यांतली हवा काढायची होती. या कामाला दोन माणसं लागतात. एक पेडलवर, दुसरा गाडीखाली. गाडीखालचा माणूस चाकामागचा निपल, म्हणजे हवा काढायचा बारका स्क्रू, उघडतो, हवेचे बुडबुडे निघून जातात, आणि तो निपल बंद करेपर्यंत वरच्याने पाय उचलायचा नाही. उचलला तर हवा परत आत. मी त्यांना सीटवर बसवलं आणि मागच्या डाव्या चाकाशी आडवा झालो.

"दाबा."

"दाबलं."

"धरून ठेवा."

निपल उघडला. पेडल खाली गेल्याचा आवाज आला. बाटलीत फेसाळ तेल उतरलं. मला फक्त गाडीचा तळ दिसत होता, त्यांना फक्त समोरची काच. समोरासमोर मला जमलं नसतं, हे मान्य करतो.

"ताई, साळवे माझ्या वर्कशॉपला व्हता. पेडल खाली जातंय म्हणून त्यानं मला रेडिओवर सांगितलं. गाडी तिथंच उभी कर म्हणायला पायजे व्हतं. मी म्हणालो, टॉप अप कर अन् ये. तो जोरात नव्हता. पिलेला बी नव्हता. त्यानं आपल्या बाजूनं खडक घेतला म्हणून मागचे पाच जण वाचले. चूक माझी हाय. तुमच्याकडं यायची हिंमत झाली न्हाई मला."

निपल उघडाच होता. तेल मागे ओढलं गेलं नाही, म्हणजे पाय पेडलवरच होता. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. आयुष्यभर वेळा लिहून ठेवणारा मी, तेव्हा घड्याळ पाहिलं नाही.

"सोडू का?" त्यांनी विचारलं.

मी निपल कसला. "सोडा."

चारही चाकं झाली. दाबा, धरा, सोडा, यापलीकडे आम्ही बोललो नाही. शेवटी पेडल दगडासारखं घट्ट लागलं. मी बाहेर आलो तेव्हा त्यांनी डोळे पुसले होते. मला वाटलं, आता शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरंच वाटलं असतं.

"हे एकट्या मला सांगून भागत न्हाई," त्या म्हणाल्या. "बसा गाडीत."

हातही धड धुतले नव्हते. मी बसलो. वाटेत दोन ठिकाणी म्हशी आडव्या आल्या, गाडी जागच्या जागी थांबली.

१४१० ला आष्टी. घराच्या पायरीवर साळवेची आई बसली होती, सोबत शेजारच्या दोन बायका आणि एक म्हातारे गृहस्थ. विद्याताई म्हणाल्या, "आई, हे तुमच्या मिलिंदच्या संगं व्हते." मी चपला काढून अटेन्शनमध्ये उभा राहिलो, दुसरं काही सुचलं नाही. रिपोर्ट देतात तसं सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट.

म्हातारीने मला आपादमस्तक पाहिलं. मग हाताने शेजाऱ्यांकडे दाखवलं.

"आजून एकदा सांगा. जरा जोरानं. ह्यान्ला ऐकू आलं न्हाई."

मी पुन्हा सांगितलं, परेड ग्राउंडवरच्या आवाजात. नायक मिलिंद साळवे गाडी हळू चालवत होता.