धाकटीच्या आराखड्यातली चूक

नौदलाने बायकांना अधिकारी म्हणून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा त्या जाहिरातीतल्या वयाच्या अटीत मी बसत नव्हते. माझी धाकटी बहीण बसत होती. मी तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. जाहिरात मीच पाहिली, मीच कापली आणि दोन दिवस पर्समध्ये ठेवून मग तिच्यापुढे टाकली. ते दोन दिवस कशासाठी लागले, हे मी तिला सांगितलं नाही.

आम्ही खडकीत दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. बाबा कारखान्यात फोरमन होते आणि मी तिथल्याच ऑफिसात. कोणता कारागीर कधी निवृत्त होणार, त्याच्या जागी कोणाला आत्तापासून तयार करायचं, याचे तक्ते मी करायचे. धाकटीला गणित मीच शिकवलं होतं. मुलाखतीची तयारीही मीच करून घेतली. ती निवडली गेली, नाविकांना शिकवणाऱ्या शाखेत.

पहिल्या रजेवर ती आली तेव्हा बाबा तासभर आधी स्टेशनवर जाऊन उभे राहिले. माझ्या एम.एस्सी.च्या निकालाला ते फक्त "बरं झालं" म्हणाले होते. शेजारच्या काकू मला रोज विचारायच्या, "काय म्हणते तुमची नेव्हीवाली?"

"ती बरी आहे," मी म्हणायचे. "मीही बरी आहे, आपण विचारलं नाहीत तरी."

धाकटी वाईट नव्हती. तिनं कधी तोरा मिरवला नाही. पण बोलता बोलता ती "आमच्याकडे असं करतात" म्हणायची आणि तिच्या तोंडी 'आमच्याकडे' म्हणजे खडकी नसायचं. तेवढ्यानंही माझ्या पोटात दुखायचं.

दहाएक वर्षांनी ती वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या एका अभ्यासक्रमाला गेली. तिथे एका काल्पनिक देशाच्या नौदलाचा आराखडा करायचा होता. लांबलचक किनारा, मच्छीमारांच्या होड्या, तेलाची जहाजं, चोरट्या वाटांनी येणारे लोक. पुढच्या काही वर्षांत नवी जहाजं येणार. त्यांच्यावर माणसं कुठून आणायची? मधल्या सुट्टीत ती घरी आली आणि तिनं जेवणाच्या टेबलावर कागद पसरले.

"ताई, जहाज बांधता येतं गं," ती म्हणाली. "पण वीस वर्षं मुरलेला माणूस वीस वर्षांनीच मिळतो. बघ ना जरा. आकड्यांत तू हुशार."

हे वाक्य माझं होतं. कारखान्यातल्या जुन्या कारागिरांबद्दल मी ते तिला कितीदा ऐकवलं होतं. माझं ऐकायला साहेब सोडा, शिपाईसुद्धा थांबत नसे. तिचं ऐकायला आता वर्ग भरणार होता.

मी वाचायला घेतलं. तिसऱ्या पानावर चूक दिसली. तिनं शिकाऊ नाविकांची संख्या दुप्पट केली होती. पण त्यांना शिकवायला लागणार तीच मुरलेली माणसं, आणि तीही नेमकी नवी जहाजं येतील त्याच वर्षांत. जहाजांवर मग राहणार कोण? या गाठीशी मी ऑफिसात दर वर्षी झगडायचे. डोळे मिटूनही मला ती दिसली असती.

मी पेन्सिल खाली ठेवली. "छान झालंय."

"खरंच?"

"खरंच. आता चहा टाक."

तीन आठवड्यांनी दुपारी तिचा फोन आला. आवाज बसलेला होता. "सगळ्या वर्गासमोर विचारलं परीक्षकांनी. ही माणसं शिकवायला बसली, तर जहाजं कोण चालवणार? मी नुसती उभी राहिले, ताई."

आधी मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? मग कान तापले.

"मला दिसलं होतं ते," मी म्हणाले. "तू दाखवलंस तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"जळते मी तुझ्यावर. पहिल्यापासून."

"ते माहीत आहे मला," ती म्हणाली. "पण आकड्यांच्या बाबतीत तू खोटं बोलशील, असं नव्हतं वाटलं." आणि तिनं फोन ठेवला.

हा घाव नेमक्या जागी बसला. पुढे दोन महिने तिचा फोन नाही. माफी मागणं मला जमत नाही. मी रजा टाकली, तक्ते आखले आणि चार पानं पोस्टानं पाठवली. शिकवणारे जहाजांवरून पाळीपाळीनं उतरवायचे, निवृत्त नाविकांना वर्गावर बोलवायचं, जहाज येण्याआधीच किनाऱ्यावर त्याचे धडे द्यायचे.

आठवड्यानं फोन वाजला. नमस्कार नाही, काही नाही.

"दुसरं पान चुकलंय तुझं. जहाजावरची माणसं म्हणजे लेथवरचे कारागीर नव्हेत. एकत्र राहून ती एकमेकांना सरावतात. मनात येईल तेव्हा एकाला काढून दुसरा नाही बसवता येत."

"मग गटच्या गट बदल."

"तो कसा बदलणार? सांग!"

तासभर आम्ही भांडलो. तिच्या कामाविषयी मी तिला पहिल्यांदाच मनापासून काही विचारलं होतं. अभ्यासक्रम संपायच्या आत सुधारलेला आराखडा तिनं दिला. तो बऱ्यापैकी मानला गेला, फार वर नाही. पुढे ती त्याच अभ्यासक्रमावर शिकवायला लागली. वर्गात द्यायची काल्पनिक उदाहरणं ती आधी मला पाठवते. मी ती कसून तपासते. चूक सापडली की मला अजूनही गरजेपेक्षा जास्त आनंद होतो, आणि तो आवरायच्या आत मी तिला फोन लावते.