खांब आहे का, बघून ये

यमुनाबाई आमच्या शाळेत शिपाई आणि मी संस्कृतचा मास्तर. मी एक दिवस गेलो नाही तर मुलं खूश होतात. त्या गेल्या नाहीत तर घंटाच होत नाही. म्हणून रविवार गाठला.

निमित्त त्यांच्या वडिलांचं, आबांचं. घोटीजवळ धरणाला लागणारा दगड होड्यांतून न्यायला कोणे एके काळी कालवा खणायला घेतला होता. तो अर्धवट राहिला. खणताना मधे मातीचा एक खांब तसाच सोडत, किती खोल गेलो ते मोजायला. आबांची आई तिथे पाटीनं माती वाहायची, आणि तान्ह्या आबांना त्या खांबाच्या सावलीत निजवायची. आता आबा अंथरुणाला खिळलेत. कालवा बुजवून वरून रस्ता जाणार हे कळल्यापासून एकच धोशा : "खांब हाय का, तेवढं बघून ये."

नाशिक रोडहून एसटीनं घोटी. तिथली मिसळ खाच. डोळ्यांतून पाणी येतं, पण का ते कुणी विचारत नाही. मग फाट्यापर्यंत शेअर रिक्षा, पुढे भाताच्या बांधावरून अर्धा तास चाल. साध्या चपला घालून जाऊ नका. मी गेलो.

"सर, श्लोक म्हणत चला, पाय घसरायचा नाय," यमुनाबाई म्हणाल्या.

म्हटले. घसरलोच.

कालवा म्हणजे लांबलचक रुंद चर. होडी त्यात कधी तरंगलीच नाही. काठावर जुन्या खोदाईचे ढीग होते, जेसीबी तीच माती आत लोटत होता. चालकानं बोट दाखवलं. माथ्यावर गवत असलेला खांब जेमतेम वर उरला होता.

"एवढाच हाय मावशी. उद्याच्याला सपाट."

यमुनाबाई खाली बसल्या. वीत लावली. हात तसाच ठेवला. चालकानं कुणी न सांगता इंजिन बंद केलं.

परतताना एसटीत मी म्हणालो, "खांब आहे, एवढंच सांगा. खोटं नाही ते."

"ते विचारतील ना सर, किती हाय."

त्यांच्या घरी पोचल्यावर आबांनी विचारलंच. यमुनाबाईंनी वीत ताणून दाखवली. आबा त्या हाताकडे बघत राहिले.

"माती कुठली घालत्यात?"

"काठावरचीच. जुनी."

"म्हंजे आईनं वर नेलेली." आबा म्हणाले, "उतरली म्हनायची तिची पाटी."

प्रत्येक ओळीवर भाष्य करायची मला सवय. चहा घेतला, आबांना नमस्कार केला आणि घरी आलो. अजून काही सुचलेलं नाही.